तीन महिन्यांनी पुसला जाणारा आवाज: सांगली-मिरजेच्या खासगी एफएम केंद्रांना खुले पत्र

प्रति,
केंद्रप्रमुख, कार्यक्रमप्रमुख आणि तांत्रिक प्रमुख,
सांगली, मिरज व कोल्हापूर परिसरात ऐकू येणारी सर्व खासगी एफएम केंद्रे

विषय: प्रसारणाचे लॉग (सलग मुद्रणे), निवेदने, जिंगल, जाहिराती आणि जुने एअरचेक (हवेत गेलेल्या निवेदनांचे मुद्रित नमुने) कायमचे जतन करण्याबाबत

स.न.वि.वि.

आपल्या केंद्राच्या रॅकमध्ये एक लॉगर, म्हणजे सगळे प्रसारण आपोआप मुद्रित करणारे यंत्र, रात्रंदिवस चालू असतो. हवेत गेलेला प्रत्येक शब्द तीन महिने सांभाळायचा आणि मंत्रालयाने मागितला तर हजर करायचा, ही परवानगी कराराची अट आहे, म्हणून तो बसवलेला असतो. नव्वद दिवस भरले की सर्वांत जुनी फाइल पुसली जाते आणि तिच्या जागी आजची बसते. करारात तीन महिने सांभाळा असे आहे, तीन महिन्यांनी पुसा असे कुठेही नाही. पण लॉगर बसवणाऱ्याने पहिल्या दिवशी जो आकडा टाकला, तोच बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षे चालत राहतो. स्थानिक व्यावसायिक रेडिओचा इतिहास त्यामुळे कधीच एका तिमाहीपेक्षा लांब होत नाही.

ऑगस्ट २०१९ घ्या. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेले. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. मात्र वाहतूक, हवामान आणि स्थानिक प्रशासनाने कळवलेल्या पाणी, वीज, आरोग्य व नैसर्गिक आपत्तीच्या सूचना २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या एफएम धोरणाने ‘बातमी’च्या बाहेर ठेवल्या आहेत. म्हणजे कोणता रस्ता बंद, कुठे बोट, कुठे निवारा, कोणत्या भागात पाण्याचा टँकर, हे गाण्यांच्या मधे बोलायला पूर्ण मुभा होती. त्या दिवसांचा आवाज कुणी हाताने बाजूला काढून ठेवला नसेल, तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लॉगरने तो स्वतःच पुसला. यंत्राने नेमून दिलेले काम चोख केले, म्हणून त्याला दोष देता येत नाही.

आमची मागणी अशी: लॉग पुसण्याआधी त्यातला ठरावीक भाग बाहेर काढा, कपाटात पडून असलेले जुने साहित्य वेळेत डिजिटल करा, आणि या सगळ्याची एक प्रत केंद्राबाहेरच्या संस्थेत ठेवा. हे कसे करायचे, त्याला किती जागा लागते आणि नेमके कुठे घोटाळे होतात, ते पुढे सविस्तर लिहितो.

आधी थोडी मागची वाट. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ चे, मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्‌झ. जाहिरातींचा रेडिओ म्हणजे त्या आधीच्या पिढीला रेडिओ सिलोन. आकाशवाणीने विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू केली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई-पुणे-नागपूर इथून तिच्यावर जाहिराती घेतल्या. १९९३ मध्ये मुंबई-दिल्लीच्या एफएमवर खासगी निर्मात्यांना वेळ विकली जाऊ लागली. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला, जुलै २००१ मध्ये बंगळुरूत पहिले खासगी एफएम केंद्र सुरू झाले आणि २००५ च्या दुसऱ्या टप्प्याच्या धोरणाने लहान शहरांचे दार उघडले. सांगलीत खासगी एफएम आले ते याच दारातून. जबर परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातला ४ टक्के वाटा द्यायचा, हे गणित नसते तर आपल्याकडे कुणी मनोरा उभारायला आलेच नसते.

फरक पडला तो इथे. आकाशवाणीत टेप लायब्ररी हा कामाचाच भाग होता: स्पूलला क्रमांक, डब्यात क्यू-शीट, वर कालावधी आणि प्रसारणाची तारीख. खासगी केंद्रात लायब्ररी म्हणजे गाण्यांची लायब्ररी. बोललेला शब्द कुठल्याच खात्याच्या नावावर नाही. कार्यक्रम विभागाला तो उद्यासाठी नको असतो, विक्री विभागाला फक्त प्रसारण प्रमाणपत्र हवे असते आणि तांत्रिक विभागाला डिस्क रिकामी हवी असते.

परदेशात केंद्राचा स्वतःचा आवाज कसा विखुरला त्याचे एक उदाहरण पुरेसे आहे. बोस्टनचे डब्ल्यूबीसीएन हे १०४.१ मेगाहर्ट्‌झवरचे शास्त्रीय संगीताचे व्यावसायिक केंद्र १५ मार्च १९६८ च्या रात्री रॉककडे वळले. त्याच्या आदल्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत टॉम डोनाह्यू यांनी केएमपीएक्सवर हाच प्रयोग केला होता. याला सरकारी कारणही होते. अमेरिकेच्या प्रसारण आयोगाने मोठ्या शहरांतल्या एफएम केंद्रांना आपल्याच एएम केंद्राचा कार्यक्रम दिवसभर जसाच्या तसा लावायला मनाई केली, त्यामुळे एफएमवर अचानक रिकामे तास तयार झाले आणि त्या तासांत लांब गाणी, युद्धविरोधी सभांच्या सूचना आणि स्थानिक बँडचे थेट कार्यक्रम शिरले. डब्ल्यूबीसीएन २००९ मध्ये १०४.१ वरून हटले. पुढे त्याच्या सुरुवातीच्या वर्षांचा इतिहास जुळवायला बसलेल्यांना टेपा, छायाचित्रे आणि कागद जुन्या कर्मचाऱ्यांकडून नि श्रोत्यांकडून मागवावे लागले. तेवढे नशीब सगळ्यांचे नसते. तिकडे घरोघरी स्पूल-रेकॉर्डर होते. इथे २००७-०८ मध्ये श्रोत्याच्या हातात होता तो मोबाइल, आणि त्यात एफएम ऐकू आले तरी ध्वनिमुद्रण बहुधा होत नसे.

आपल्या भागात रॉकचे वेगळे केंद्र नाही आणि इतक्यात होईल असेही दिसत नाही. पण गणपतीत गावोगावच्या बेंजो पार्ट्या जे इलेक्ट्रिक बेंजो आणि ड्रमवर वाजवतात, महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत जे बँड उभे राहतात, ते कधीमधी आपल्याच स्टुडिओत येऊन दोन-चार मिनिटे वाजवून गेले असतील. त्यांच्यापैकी बहुतेकांची दुसरीकडे कुठेही नोंद नाही.

आता हिशेब. १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये चोवीस तासांचा लॉग म्हणजे १.३८ जीबी. नव्वद दिवसांचे १२४ जीबी, पूर्ण वर्षाचे सुमारे ५०५ जीबी, दहा वर्षांचे ५ टीबी. सगळेच्या सगळे ठेवले तरी ते आज एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर मावते. जागा नाही, ही सबब कधीकाळी खरी होती. ४८ किलोहर्ट्‌झ, १६ बिट स्टिरिओ वेव्हमध्ये मात्र दिवसाला १६.६ जीबी आणि वर्षाला ६ टीबीच्या वर जाते. तिथे विचार करावा लागतो. एफएमवर आवाज १५ किलोहर्ट्‌झपर्यंतच जातो, त्यामुळे लॉगसाठी यापेक्षा वरचा दर्जा म्हणजे हवा साठवणे आहे.

पण सगळे ठेवायचा आमचा आग्रहही नाही. लॉगमधला बराचसा वेळ गाण्यांचा आहे आणि ती गाणी इतरत्र शाबूत आहेत. हवे ते गाण्यांच्या मधले. त्यासाठी स्किमर वापरतात: माइकचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) उघडला की कन्सोलमधून (ध्वनिमिश्रणाच्या मेजातून) जो टॅली संपर्क, म्हणजे माइक चालू असल्याचा इशारा, मिळतो, त्यावर ध्वनिमुद्रण चालू आणि फेडर बंद झाला की बंद. तासाला दहा मिनिटे बोलणे आणि दिवसाला अठरा तास निवेदक असे धरले, तर रोजचे तीन तास होतात. १२८ केबीपीएसने ते दिवसाला १७३ एमबी, वर्षाला ६३ जीबी. पूर्ण वर्षाची सांगलीची बोलणी एका पेनड्राइव्हवर येतात.

स्किमर बसवताना तीन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, रिले उचलायला आणि सॉफ्टवेअर जागे व्हायला लागणारा वेळ. प्री-रोल, म्हणजे इशाऱ्याआधीचे जे सेकंद धरून ठेवायचे ते, शून्यावर असेल तर प्रत्येक निवेदनाचा पहिला शब्द कापला जातो, आणि पहिला शब्द बहुधा केंद्राचे नाव किंवा वेळ असते. प्री-रोल ५ सेकंद, पोस्ट-रोल १० सेकंद ठेवा; पुढच्या गाण्याचे तोंड ऐकू आले की काळ ओळखायलाही सोपे जाते. दुसरी, व्हॉइस-ट्रॅक. निवेदकाने दुपारी चार तासांची निवेदने एकदम भरून ठेवली तर हवेत जाताना माइक उघडतच नाही आणि स्किमरच्या दृष्टीने ती संध्याकाळ मुकी असते. त्या फाइल प्लेआउटच्या, म्हणजे गाणी-जाहिराती क्रमाने हवेत सोडणाऱ्या प्रणालीच्या, ऑडिओ फोल्डरमध्ये असतात आणि साफसफाईत सर्वांत आधी जातात, म्हणून रोज रात्री त्यांची वेगळी नक्कल व्हायला हवी. तिसरी, फोन. हायब्रिडवरून, म्हणजे फोन स्टुडिओला जोडणाऱ्या यंत्रावरून, आलेल्या श्रोत्याचा हवेत न गेलेला भाग, म्हणजे नाव, पत्ता, बक्षिसासाठी दिलेला नंबर, यातले काहीही संग्रहात येता कामा नये. सिग्नल प्रोग्रॅम बसवरून (हवेत जाणाऱ्या वाटेवरून) घ्या, क्यू बसवरून (स्टुडिओत आधी ऐकून पाहण्याच्या वाटेवरून) घेऊ नका.

स्किमरच्या जोडीला महिन्यातून एक पूर्ण दिवस, मध्यरात्र ते मध्यरात्र, जाहिराती-गाण्यांसकट ठेवा. वर्षाला बारा दिवस म्हणजे १७ जीबीसुद्धा नाही. हा नमुना दिवस आधीच ठरवून टाकावा, उदाहरणार्थ महिन्याचा दुसरा बुधवार. ‘चांगला’ दिवस निवडायला गेलात की संग्रहात फक्त वर्धापनदिन उरतात. याशिवाय काही दिवस नेमाने घ्यावेत: संस्थानच्या गणपतीचे पाचव्या दिवशीचे विसर्जन, मिरजेची अनंत चतुर्दशीची मिरवणूक, दिवाळीचा आठवडा, मतदानाच्या आधीचे दोन दिवस आणि आयर्विनपाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीवर गेल्यापासून उतरेपर्यंतचा प्रत्येक दिवस.

लॉग कुठून घ्यावा यावर तंत्रज्ञांत नेहमी वाद होतो. कन्सोलमधून घेतला तर आवाज स्वच्छ मिळतो. ट्यूनरवरून घेतला तर मल्टिबँड प्रोसेसरमधून दाबून निघालेला, श्रोत्याने खरोखर ऐकलेला आवाज मिळतो आणि ट्रान्समीटर कधी पडला होता तेही कळते. लॉग ट्यूनरवरून, स्किमर कन्सोलमधून, अशी वाटणी आम्हाला योग्य वाटते. ट्यूनर ट्रान्समीटरच्या इमारतीतच असेल तर त्याचा फ्रंट-एंड, म्हणजे सिग्नल घेणारा पहिला टप्पा, जवळच्या जोरदार सिग्नलने ओव्हरलोड होतो. अँटेनाऐवजी वायरचा तुकडा आणि गरज पडली तर सिग्नल कमी करणारा ॲटेन्युएटर लावावा.

आणि कोणीतरी ऐकायला हवे. लॉगर चालू आहे, फाइल बनत आहेत, फाइलचा आकारही बरोबर आहे, आणि आत तीन आठवडे नुसती खरखर आहे, कारण ट्यूनरची वायर सफाईच्या वेळी निघाली. हे सर्वांत जास्त आढळते. संगणक अपडेट होऊन पुन्हा सुरू झाला पण लॉगरचा प्रोग्रॅम सुरू झाला नाही, हे दुसरे. घड्याळ मागे पडले, हे तिसरे; वेळ नेटवर्कवरून जुळवत ठेवली नाही तर वर्षभरात काही मिनिटांचा फरक सहज पडतो आणि मग प्रसारणाच्या नोंदीशी फाइल जुळत नाही. दर सोमवारी कोणत्याही तीन फाइलमधले तीस-तीस सेकंद ऐकायचे आणि वहीत सही करायची, यापेक्षा चांगला उपाय आम्हाला माहीत नाही.

प्लेआउटच्या डेटाबेसबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण एका दुपारी दहा वर्षे नाहीशी होतात ती इथे. प्लेआउट प्रणालीत जिंगल, स्वीपर (केंद्राचे नाव सांगणारे छोटे तुकडे), प्रोमो आणि जाहिराती आकड्यांच्या नावाने साठवलेल्या असतात. एखाद्या फाइलचे नाव असते नुसता सहा आकडी क्रमांक. ती हळदीच्या पेढीची दिवाळीची जाहिरात आहे की वाहतुकीच्या सूचनेआधीचा टणत्कार, हे फक्त डेटाबेसला माहीत असते. सॉफ्टवेअर बदलताना नवीन कंपनीचा माणूस येतो, चालू असलेल्या फाइल नव्या प्रणालीत घेतो आणि जुन्या मशीनवर ‘जुने’ असे स्टिकर लावून जातो. पुढे त्या मशीनचा डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर उघडणारी जोडकळ, हरवतो. फाइल राहतात, नावे जातात. म्हणून प्रणाली बदलण्याच्या आधी, जुनी चालू असतानाच, संपूर्ण यादी सीएसव्हीमध्ये (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) काढून घ्या: क्रमांक, शीर्षक, ग्राहक, कालावधी, पहिली व शेवटची प्रसारण तारीख. ऑडिओ जुन्या एमपी२ स्वरूपात असला तर तो तसाच ठेवा. एमपी२ आजही कुठेही उघडतो. त्याचा एमपी३ केलात तर दाबलेला आवाज पुन्हा दाबला जातो आणि टाळ-घुंगरांसारखे वरचे स्वर पाण्याखाली गेल्यासारखे ऐकू येतात.

जाहिरातींवर आमचा विशेष जोर आहे. केंद्रे हौसेने जपतात त्या नटनट्यांच्या मुलाखती, आणि त्या दहा शहरांत सारख्याच झालेल्या असतात. त्याउलट तासगावच्या बेदाणा सौद्याच्या दिवसांत कोण जाहिरात देत होते, ट्रॅक्टरचे हप्ते किती रुपयांपासून सांगितले जात होते, कोणत्या शिकवणी वर्गांनी शहर व्यापले, साडीच्या दुकानाने निवेदनात मिरजेची बोली वापरली की पुण्याची, हे पुढच्या अभ्यासकाला दुसरीकडे मिळणार नाही. ट्रॅफिक विभागाच्या (जाहिरातींच्या वेळा लावणाऱ्या) रिलीज ऑर्डर आणि दैनंदिन स्पॉट-लॉग याच कामाचे. कंपनी कायद्याने हिशेबाची कागदपत्रे आठ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात. नवव्या वर्षी ती रद्दीत जातात. रद्दीवाल्याआधी एकदा कळवा.

याच कपाटात निवेदकांच्या छापील संहिता आणि त्यांच्या फाइल असतात. त्या बहुधा श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या आहेत. फाँट नसलेल्या संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांचा खच म्हणून उघडतात आणि कुणीतरी ‘फाइल खराब’ म्हणून टाकून देतो. ती खराब नसते. कोणता फाँट होता हे ओळखून परिवर्तकाने युनिकोड करा, मूळ फाइल आणि फाँटची फाइल शेजारी ठेवा, आणि एकदा मूळ छापील प्रतीशी ताडून पाहा. जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी इथे परिवर्तक हटकून घसरतात.

आता कपाटातल्या वस्तू. माजी निवेदकांच्या घरी एअरचेकच्या सीडी असतात, नवी नोकरी मागायला नेलेल्या. लिहिता येणाऱ्या सीडीचा रंगद्रव्याचा थर उन्हाने आणि दमटपणाने जातो. वर कागदी लेबल चिकटवले असेल तर आणखी लवकर, कारण लेबल वाकले की चकती फिरताना थरथरते. अशी सीडी एका ड्राइव्हमध्ये वाचली गेली नाही म्हणून संपली असे नाही. दोन-तीन वेगळ्या ड्राइव्हमध्ये, कमी वेगाने, चुका मोजणाऱ्या सॉफ्टवेअरने वाचून पाहा. पुसायची झाली तर मधून कडेकडे सरळ रेषेत, गोल फिरवून नाही.

मिनीडिस्क काही केंद्रांत आणि जाहिरात स्टुडिओंत होत्या. त्यांतला आवाज मुळातच सुमारे २९२ केबीपीएसला दाबलेला असतो. तो संगणकावर जसाच्या तसा उतरवणारे सोनीचे एमझेड-आरएच१ हे २००६ चे लहान यंत्र आहे. ते मिळाले नाही तर ऑप्टिकल आउटमधून खऱ्या वेळेत उतरवावे लागते. जुन्या डिस्कला रेकॉर्डरमध्ये टाकण्याआधी तिची लिहिण्याची कळ बंद करा. डिस्कची अनुक्रमणिका पुसली गेली तर आवाज आत असूनही मिळत नाही.

कॅसेटसाठी प्लेअर चांगला हवा आणि हेडचा तिरपेपणा, म्हणजे अझिमथ, प्रत्येक कॅसेटला नव्याने जुळवायला हवा. दोन्ही चॅनेल मोनो करून ऐकत अझिमथचा स्क्रू हळूहळू फिरवायचा. ‘स’, ‘श’ सर्वांत कुरकुरीत ऐकू येतील तिथे थांबायचे. हे न करता उतरवलेल्या कॅसेटचा वरचा स्वर पुढे कोणत्याही इक्वलायझरने परत येत नाही. कवच तडकले असेल तर स्क्रूच्या कवचात टेप हलवा. सांगलीच्या दमट हवेत पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट चांगल्या प्लेअरमध्ये टाकू नका. आधी वेगळी ठेवा, कोरडी करा, मास्क घालून ब्रशने झाडा, नाहीतर तो प्लेअर पुढच्या प्रत्येक कॅसेटला बुरशी वाटत सुटतो.

पाव इंची स्पूल जुन्या जाहिरात निर्मात्यांकडे सापडतील. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही टेपांचा बाइंडर, म्हणजे चुंबकी कण धरून ठेवणारा थर, हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. वाजवताना किंचाळते आणि हेडवर तपकिरी मळ जमतो. अशा वेळी लगेच थांबावे. ५४ अंश सेल्सिअसच्या आसपास नियंत्रित उष्णतेत साधारण आठ तास ठेवली तर ती काही आठवडे वाजण्याजोगी होते. घरचा ओव्हन त्यासाठी चालत नाही, मायक्रोवेव्ह तर मुळीच नाही. आणि उजेडासमोर धरल्यावर स्पूलमधून प्रकाश आरपार दिसत असेल तर ती ॲसिटेटची टेप आहे. तिला उष्णता देऊच नये. पुराच्या पाण्यात भिजलेली टेप उन्हात ठेवू नये. गाळ शुद्ध पाण्याने धुऊन, उभी ठेवून, पंख्याच्या हवेवर वाळवावी, आणि पूर्ण वाळल्याशिवाय फिरवू नये.

जुन्या संगणकांच्या हार्ड डिस्क हा शेवटचा प्रकार. टिकटिक आवाज आला की वीज काढा. चालू होत असेल तर फाइल निवडून कॉपी करत बसू नका, आधी पूर्ण डिस्कची प्रतिमा काढा आणि पुढचे सगळे काम त्या प्रतिमेवर करा. ‘फॉरमॅट करायचे का’ या प्रश्नाला उत्तर नेहमी नाही.

श्रोत्यांनी मोबाइलवर पकडलेली ध्वनिमुद्रणेही घ्या. तासगाव, विटा इकडच्या मुद्रणात खरखर जास्त असते, कारण सिग्नल अशक्त झाला की स्टिरिओमध्ये गोंगाट मोनोपेक्षा कितीतरी वाढतो. हा जास्तीचा गोंगाट डाव्या-उजव्या फरकात बसलेला असल्याने दोन्ही चॅनेल एकत्र केले की बराच विरतो. पण हे ऐकण्याच्या प्रतीत करायचे. मूळ प्रतीला हात लावायचा नाही.

कायद्याची भीती घातली जाते म्हणून तेही सांगतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(झेड) प्रमाणे, जे प्रसारित करण्याचा हक्क आहे त्याचे तात्पुरते ध्वनिमुद्रण प्रसारकाला आपल्या साधनांनी करता येते, आणि अपवादात्मक दस्तऐवजी मोल असेल तर ते संग्रहासाठी राखूनही ठेवता येते. कलम ३७ प्रमाणे प्रसारणावरचा केंद्राचा स्वतःचा हक्क २५ वर्षे असतो. गाण्यांचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाला ६० वर्षे. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की संग्रहातली पूर्ण प्रत जागेवर बसून ऐकायची, आणि बाहेर द्यायच्या प्रतीत गाणी पहिल्या-शेवटच्या काही सेकंदांवर कापायची. श्रोत्यांच्या खासगी माहितीसाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ध्यानात ठेवावा. फोनवरून केलेल्या फजितीच्या कार्यक्रमांची मुद्रणे आमच्या मते काही वर्षे बंदच ठेवावीत. फजिती झालेल्या माणसाला कुणी विचारलेले नसते.

ठेवायचे कुठे? तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक गावाबाहेर. सांगलीत नदीकडच्या भागात तळमजला नको, हे २००५, २०१९ आणि २०२१ नंतर सांगायची गरज नसावी. २०१९ मध्ये ग्रंथालयांतली पुस्तके भिजलेली आपण पाहिली आहेत. एक प्रत केंद्रात वरच्या मजल्यावर, दुसरी मिरजेत एखाद्या ग्रंथालयाशी किंवा महाविद्यालयाशी लेखी करार करून, तिसरी शिवाजी विद्यापीठात किंवा साताऱ्याकडे. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली की बदलणारा पडताळ्याचा आकडा) काढून यादीत लिहावा आणि वर्षातून एकदा पडताळावा. ड्रॉवरमध्ये पाच वर्षे न फिरवलेली डिस्क ही प्रत धरू नये. फाइलचे नाव वर्ष-महिना-दिवस-वेळ या क्रमाने, आकडे आणि रोमन अक्षरे वापरून. मराठी वर्णन यादीत, युनिकोडमध्ये. मिरजेला हे काम परके नाही. इतिहास संशोधक वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन संस्थानिकांच्या दप्तरातून पत्रे निवडून, तारखा लावून छापली ती इथेच बसून.

माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र म्हसवडला ९०.४ वर २००८ पासून चालते. सामुदायिक केंद्रांनाही लॉगची अट तीन महिन्यांचीच आहे आणि त्यांच्याकडे पैसा तुमच्याहून कमी. या योजनेत त्यांना सोबत घ्या. चांगला प्लेअर आणि स्कॅनर एकाच ठिकाणी असला तरी चालतो.

घाई का, तेही सांगतो. १ एप्रिल २०१५ पासून तिसऱ्या टप्प्यात आलेल्या केंद्रांची पंधरा वर्षांची मुदत ३१ मार्च २०३० ला संपते. त्या टप्प्याने एका मालकाच्या देशभरातल्या केंद्रांना एकच कार्यक्रम लावायची मुभाही दिली, त्यामुळे सांगलीत बसून सांगलीशी बोलणारे तास आणखी घटू शकतात. मालकी बदलली, केंद्र दुसऱ्या इमारतीत गेले किंवा मुदतीनंतर कुणी चॅनेल सोडले, तर रॅक आधी विकला जातो आणि कपाट नंतर रिकामे होते.

म्हणून आपल्याकडून चार गोष्टींची लेखी हमी हवी आहे. येत्या महिन्याच्या दुसऱ्या बुधवारपासून नमुना दिवस ठेवायला सुरुवात. तीन महिन्यांत स्किमर आणि व्हॉइस-ट्रॅकची रोजची नक्कल. प्लेआउटच्या चालू डेटाबेसची सीएसव्ही प्रत, प्रणाली बदलायचा विचार नसला तरी. आणि जुन्या सीडी, मिनीडिस्क, कॅसेट, डिस्क यांची नुसती मोजदाद, न वाजवता. मोजदादीचा साधा तक्ता पुरतो: वस्तू, वरचा मजकूर जसाच्या तसा, अंदाजे साल, कुणाकडे आहे, बुरशी आहे की नाही. लेबलवर काही लिहिलेले नसेल तर ‘कोरे’ असे लिहा आणि ती पेटी आधी बाजूला काढा. ज्याने ती भरली तो माणूस अजून शहरात असेल तर पहिल्यांदा त्यालाच विचारता येईल.

कळावे,

आपले,
सांगली-मिरजेतील काही ध्वनितंत्रज्ञ, ध्वनिमुद्रण संग्राहक व रेडिओ श्रोते